घोरपड आणि मुशी : एक तुलना

गेल्या पावसाळ्यात आमच्या नववीच्या वर्गात एक लहानसा वाद झाला. मधल्या सुट्टीनंतर एक विद्यार्थी सांगू लागला, की आठवडी बाजारात रस्त्याच्या कडेला बसलेल्या एका माणसाकडून त्याच्या आजीने घोरपडीच्या तेलाची बाटली विकत घेतली आहे. आजीचे गुडघे दुखतात. विक्रेत्याने छातीठोकपणे सांगितले होते, की घोरपडीची पकड जशी सुटत नाही, तसा तिच्या तेलाचा गुणही वाया जात नाही. वर्गातील निम्मी मुले म्हणाली, "तेल खरे गुणकारी असते." उरलेली म्हणाली, "सारी फसवणूक आहे." आणि मागच्या बाकावरून एका मुलीने मला विचारले, "गुरुजी, तुमच्या समुद्रात घोरपड असते का?"

माझे घर गोव्याकडचे, भाषा कोंकणी. तेव्हा समुद्राविषयीचा कोणताही प्रश्न माझ्या वाट्यास यावा, हे साहजिकच होते. त्या दिवशी मी उत्तर दिले, "समुद्रात घोरपड नसते, परंतु जिचे तेल माणसाने असेच हेरले आहे, अशी एक लहानशी मुशी खोल समुद्रात असते." तास संपला आणि बोलणे तेथेच थांबले. ते राहिलेले उत्तर आज या वार्षिकाच्या पानांवर पुरे करीत आहे.

प्रथम घोरपडीकडे वळू. मन्नाएखेळ्ळीच्या परिसरात तिला न पाहिलेला मुलगा विरळाच. कन्नड बोलणारे आपले शेजारी तिला 'उडा' म्हणतात, तेलुगू बोलणारे 'उडुमु'. हट्टी माणसाच्या धरून ठेवण्याला तेलुगूत 'उडुमु पट्टु', म्हणजे घोरपडीची पकड, असेच म्हणतात. पाल, सरडा आणि सापसुरळी ही तिची धाकटी भावंडे. या कुळात घोरपड म्हणजे राक्षसीणच होय. भिंतीवरची पाल वीतभर असते. पूर्ण वाढलेली घोरपड शेपटीसह पावणेदोन मीटरपर्यंत लांब भरते आणि तिचे वजन सात किलोंच्या आसपास जाऊ शकते. तिची सर्वांत मोठी बहीण पाहावयाची असेल, तर इंडोनेशियातील कोमोडो बेटावर जावे लागेल. तेथील घोरपड तीन मीटर लांब आणि सत्तर किलो वजनाची होते. १९१२ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध झाले, तेव्हा सारे जग चकित झाले होते.

घोरपडीच्या पकडीने आपल्या इतिहासातही स्थान मिळविले आहे. सिंहगडावर १६७० साली तानाजी मालुसऱ्यांनी यशवंती नावाची घोरपड कड्यावर चढविली, ही कथा आपण पोवाड्यांतून ऐकतो. इतिहासाचे अभ्यासक ती दंतकथा मानतात, आणि सात किलोंच्या प्राण्याने मावळ्याचा भार सोसावा, हे विज्ञानालाही पटत नाही. घोरपडे या आडनावाची परंपरागत कथा तर आपल्या अधिक जवळची आहे. मुधोळच्या घराण्यातील एका वीराने घोरपडीच्या साह्याने किल्ला सर केला आणि बहमनी सुलतानाने त्याला हा किताब दिला, असे सांगतात. त्या काळी बहमनी राज्याची राजधानी आपले बीदर होते. कथा खरी असो वा नसो, कडेकपारीत नखे रोवून बसणाऱ्या या प्राण्याविषयी आपल्या पूर्वजांना केवढे कौतुक होते, हे तीवरून दिसते.

आता मुशीकडे जाऊ. शार्क म्हटले, की चित्रपटांतील अक्राळविक्राळ जबडा डोळ्यांसमोर उभा राहतो. आम्हा किनाऱ्यावरच्या लोकांना मात्र मुशी किंवा मोरी ठाऊक असते ती बाजारातल्या टोपलीत. या कुळात बारा मीटरांहून लांब असा व्हेल शार्क आहे, आणि पूर्ण वाढूनही वीतभरच राहणारी मुशीसुद्धा आहे. ही बुटकी मुशी केरळच्या किनाऱ्यापासून दूर, खोल पाण्यात सापडते. तिची लांबी फार तर चोवीस सेंटीमीटर, म्हणजे तुमच्या कंपासपेटीतील पट्टीहून अधिक, पण तिच्या दुपटीहून कमीच. १९१३ साली फिलिपिन्सच्या समुद्रातील नमुन्यावरून तिचे शास्त्रीय वर्णन झाले. गंमत अशी, की तिचे नवजात पिल्लू सुमारे अकरा सेंटीमीटरांचे असते. आईच्या निम्म्याएवढे पिल्लू! साहजिकच तिला एका वेळी एक किंवा दोनच पिल्ले होतात.

आपली तुलना मात्र याच खोल पाण्यातील दुसऱ्या एका मुशीशी आहे. इंग्रजीत तिला गल्पर शार्क म्हणतात. तिच्या पाठीवर दोन पर असतात आणि प्रत्येक पराच्या पुढे एकेक टोकदार काटा असतो. म्हणून आपण तिला काटेरी मुशी म्हणू. या मुशींच्या अनेक जाती आहेत. बहुतेक जातींची लांबी मीटरभर किंवा त्याहून थोडी अधिक असते. म्हणजे आपली घोरपड शेपटीसह बहुतेक तिच्याहून लांबच भरेल! ज्या कुळाला आपण राक्षसांचे समजतो त्यातील ही लहानखुरी, आणि ज्या कुळाला क्षुद्र समजतो त्यातील ही थोराड.

दोघींची घरे पाहा. बीदरचे पठार समुद्रसपाटीपासून सुमारे सहाशे मीटर उंच आहे. काटेरी मुशी समुद्रसपाटीच्या खाली तितक्याच, पुष्कळदा त्याहूनही अधिक, खोलीवर राहते. एक आपल्या तांबड्या जांभ्याच्या कपारीत, वारुळात, बांधावरच्या बिळात राहणारी. दुसरी जेथे दिवसाही अंधारच असतो त्या पाण्यात. घोरपड सकाळी उन्हात पडून अंग तापविते आणि मगच भक्ष्याच्या शोधात निघते. मुशीला ऊन कधी दिसतच नाही. दहा अंशांच्या आसपासच्या गार पाण्यात तिचा जन्म जातो. घोरपड दुभंगलेली जीभ आत-बाहेर करून हवेतील गंधाचे कण टिपते. मुशीचे डोळे मोठे, हिरवट आणि मांजराच्या डोळ्यांसारखे चमकणारे असतात; शिवाय भक्ष्याच्या शरीरातून निघणारी सूक्ष्म वीजही तिला तोंडावरील बारीक छिद्रांतून कळते. घोरपडीचा सांगाडा हाडांचा, मुशीचा कूर्चेचा. कूर्चा म्हणजे आपल्या कानाच्या पाळीवर जो लवचीक भाग असतो तो पदार्थ.

एवढे अंतर असूनही दोघींत एक साम्य चटकन दिसते. घोरपड चालताना नीट पाहा. तिचे अंग डावी-उजवीकडे लाटेसारखे वळत जाते. मुशी पोहतानाही असेच वळते. पाठीचा कणा असलेले जमिनीवरील सर्व प्राणी प्राचीन माशांच्याच एका शाखेतून निघाले. ती शाखा मुशींची नव्हे. तरीही पाण्यातील ती जुनी चाल घोरपडीने जमिनीवर अजून जपून ठेवली आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

दुसरे साम्य पोटात दडलेले आहे, आणि त्यासाठीच हा लेख लिहावयास घेतला. ते म्हणजे तेल.

मुशीला तेल कशाला लागते? बहुतेक माशांच्या पोटात हवेची एक पिशवी असते. तिच्या आधाराने ते बुडत नाहीत की वर फेकले जात नाहीत. मुशीला अशी पिशवी नसते, आणि खोल पाण्यात ती तिला फारशी उपयोगीही पडली नसती. समुद्रात दर दहा मीटर खाली गेल्यावर सुमारे एका वातावरणाचा दाब वाढतो. सहाशे मीटरांवर तो एकसष्टपट होतो. अशा दाबाखाली हवेची पिशवी चेपून जाईल. परंतु तेल फारसे चेपले जात नाही. म्हणून मुशीने, अर्थात निसर्गाने, ही युक्ती योजिली, की यकृतातच तेल साठवावे. काटेरी मुशीचे यकृत तिच्या एकूण वजनाच्या पाचव्या हिश्शाहूनही अधिक भरू शकते. त्या तेलात स्क्वालीन नावाचा एक पदार्थ विपुल असतो. मित्सुमारू त्सुजिमोतो या जपानी रसायनशास्त्रज्ञाने १९०६ साली तो मुशीच्या तेलात शोधून काढला. एक लिटर समुद्राचे पाणी सुमारे १०२५ ग्रॅम भरते. एक लिटर स्क्वालीन सुमारे ८६० ग्रॅम. म्हणजे प्रत्येक लिटर तेल मुशीला १६५ ग्रॅमांचा उचल देते. पोहण्याची धडपड न करता अंधारात संथपणे तरंगता यावे, शक्ती वाचावी, आणि दुर्मिळ अन्नावर दीर्घकाळ जगता यावे, याची सारी व्यवस्था त्या यकृतात आहे.

घोरपडीची गरज निराळी. तिला तरंगावयाचे नाही, तिला दुष्काळ काढावयाचा आहे. पावसाळ्यात किडे, भुंगेरे, बेडूक, उंदीर, खेकडे, पक्ष्यांची अंडी असे अन्न मुबलक मिळते. तेव्हा ती पोटातील चरबीच्या थैल्यांत आणि शेपटीच्या बुडाशी चरबी साठविते. अन्न दुर्मिळ झाले, की ती बिळात निपचित पडून राहते आणि ती शिदोरी पुरवून पुरवून खाते. मादीच्या अंड्यांचे पोषणही याच साठ्यातून होते. आपल्या आया पावसाळ्यापूर्वी ज्वारी-तुरीची बेगमी करून ठेवतात, तसाच हा प्रकार. बाजारातल्या त्या बाटलीत जे होते ते कोणा घोरपडीची अशी बेगमीच होय.

मग प्रश्न उरतो, की ते माणसाच्या गुडघ्याला उपयोगी पडते काय? घोरपडीची चरबी ही इतर प्राण्यांच्या चरबीसारखीच चरबी आहे. तिने सांधेदुखी बरी होते, असे कोणत्याही शास्त्रीय कसोटीवर सिद्ध झालेले नाही. तेल लावल्यावर क्षणभर बरे वाटते ते चोळण्याने आणि उबेने. ती ऊब कोणतेही तेल देऊ शकते. घोरपडीची पकड घट्ट आहे म्हणून तिचे तेल सांध्यांना घट्ट करील, हा तर्क म्हणजे घोड्याचे तेल लावले की माणूस धावू लागेल, असे म्हणण्यासारखा आहे.

अशीच दुसरी फसवणूक 'हत्ताजोडी' नावाच्या वस्तूची. जोडलेल्या हातांसारखी दिसणारी ही वस्तू दुर्मिळ वनस्पतीची मुळी म्हणून पूजेसाठी विकली जाते. प्रत्यक्षात ती नर घोरपडीच्या शरीराचा कापून वाळविलेला भाग असतो. २०१७ साली तपासणीअंती ही गोष्ट सर्वत्र उघड झाली. मुळी समजून देव्हाऱ्यात ठेवणाऱ्या भाविकाला आपण एका मारलेल्या प्राण्याची पूजा करतो, याची कल्पनाही नसते.

येथे मला माझ्या घरचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. नाही तर हा उपदेश एकांगी होईल. आमच्या घरी माजघराच्या खुंटीवर आजोबांचे घुमट टांगलेले असे. घुमट म्हणजे मातीच्या मडक्यासारखे, एका तोंडावर कातडे ताणलेले वाद्य. चवथीला गणपतीची आरती त्याच्या तालावर होई, आणि तो घुमारा कानी पडला की अजूनही मला घर आठवते. ते कातडे घोरपडीचे होते. आजोबांच्या पिढीला त्यात काही वावगे वाटले नाही. लहानपणी मलाही वाटले नाही. पुढे कायदा आणि कारण दोन्ही कळली. आज गोव्यात घुमटाला बकऱ्याचे कातडे लावतात. २०१९ साली गोवा शासनाने घुमटाला वारसावाद्य म्हणून मान्यता दिली. म्हणजे घोरपड वाचली म्हणून घुमट मुके झाले नाही. जुने जपावयाचे, तर त्यातील काही बदलावेही लागते, हे मी त्या घुमटापासून शिकलो.

मुशीच्या तेलाची कथा अधिक लांबची आहे. दुसऱ्या महायुद्धात परदेशातून येणारे कॉड माशाचे तेल मिळेनासे झाले, तेव्हा आपल्या देशात अ जीवनसत्त्वासाठी मुशीच्या यकृताचे तेल काढण्यास चालना मिळाली. पुढे ते जीवनसत्त्व कारखान्यात तयार होऊ लागले आणि ती मागणी ओसरली. परंतु मग स्क्वालीनची मागणी वाढली. चेहऱ्याला लावावयाच्या मलमांत आणि काही लशींतही ते वापरतात. त्यासाठी लोक खोल समुद्रात उतरले. मालदीव बेटांचे उदाहरण पाहा. तेथे १९८० च्या सुमारास काटेरी मुशीची शिकार सुरू झाली. १९८२ साली तेलाची निर्यात शिगेला पोहोचली, आणि त्यानंतर काही वर्षांतच मुशी इतक्या कमी झाल्या, की तो धंदाच बसला. शेवटी २०१० साली मालदीवने सर्वच मुशींच्या शिकारीवर बंदी घातली. आपल्या देशातही कोचीच्या बंदरात अशा मुशी तेलासाठी उतरविल्या गेल्या आहेत.

एवढ्या लवकर मुशी का संपाव्या? याचे उत्तर दोघींच्या प्रजननात आहे. घोरपड जमिनीत किंवा वारुळात एका वेळी वीसेक अंडी घालते. ती उबण्यास सहा ते आठ महिने लागतात, आणि बहुतेक पिल्ले मोठी होण्यापूर्वीच कोणाच्या ना कोणाच्या भक्ष्यस्थानी पडतात. तरीही तिच्या बाजूला संख्या असते. काटेरी मुशी अंडी घालीत नाही. तिला जिवंत पिल्ले होतात. काही जातींत गर्भकाळ सुमारे दोन वर्षांचा असतो आणि एका वेळी एक-दोनच पिल्ले जन्मतात. शिवाय मादी वयात येण्यासच दहा-पंधरा वर्षे लागतात. बँकेत ठेवलेल्या रकमेचे उदाहरण घ्या. व्याज काढून खाल्ले तर मुद्दल टिकते. घोरपडीच्या खात्यावर व्याज बरे मिळते. पण वर्षानुवर्षे त्याहून अधिक काढल्याने मुद्दलालाच हात लागला आहे. मुशीच्या खात्यावर तर व्याज जवळजवळ नाहीच. तेथे काढलेला प्रत्येक रुपया मुद्दलाचाच असतो.

घोरपडीच्या बाजूने आज कायदा उभा आहे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत तिचे नाव आहे. म्हणजे वाघाला जे संरक्षण, तेच तिला. तिला मारणे, पकडणे, तिचे तेल वा कातडे विकणे हा गुन्हा असून त्यास तीन ते सात वर्षांपर्यंत कारावासाची शिक्षा आहे. परंतु शिपाई प्रत्येक बांधावर उभा राहू शकत नाही. बांधावर उभे राहता तुम्ही आणि तुमचे वडील. तुरीच्या शेतातले उंदीर आणि किडे खाणारी घोरपड ही बिनपगारी राखणदार आहे, हे शेतकऱ्याला पटले तर कायद्याचे अर्धे काम होईल. ती दिसली तर तिला वाट द्यावी. घरात शिरली तर काठी न उचलता वनखात्याला कळवावे.

मुशीचे काय? ती तर आपल्यापासून चारशे किलोमीटरांहून दूर आणि शेकडो मीटर खोल. मन्नाएखेळ्ळीच्या मुलाने तिच्यासाठी काय करावे? याचे उत्तर आपल्या शिवारातच उभे आहे. स्क्वालीन केवळ मुशीच्या यकृतातच असते असे नाही. ते ऑलिव्हच्या तेलातही असते. उसाच्या साखरेपासून सूक्ष्म जंतूंच्या साह्याने मलमांसाठी तसाच पदार्थ आता तयार करतात. ज्यासाठी काळोख्या समुद्रातील पंधरा वर्षांची मुशी मारली जाते, ते हुमनाबाद-भालकीच्या बाजूस डोलणाऱ्या उसासारख्या पिकातूनही मिळू शकते. तेव्हा उद्या तुमच्यापैकी कोणी रसायनशास्त्र शिकून हे काम हाती घेतले, तर एका दूरच्या मुक्या जीवाचे प्राण वाचविण्यास आपल्या मातीचा हातभार लागेल. हे स्वप्न मुळीच अशक्य कोटीतले नाही.

त्या विद्यार्थ्याच्या आजीविषयी तुम्हांला उत्सुकता असेल. त्याने घरी जाऊन वर्गातले सारे बोलणे आजीला सांगितले. आजी आधी रागावल्या. पैसे गेल्याचे दुःख होतेच. मग त्यांनी नातवाला विचारले, "घोरपडीलासुद्धा पुढच्या दिवसांची काळजी असते, असे तुमचे गुरुजी म्हणाले का रे?" तो "हो" म्हणाला. त्यानंतर ती बाटली पुन्हा उघडली गेली नाही. हल्ली आजी करडईचे तेल कोमट करून गुडघ्यांना चोळून घेतात आणि सरकारी दवाखान्यातील डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम करतात. गुडघे पूर्ण बरे झालेले नाहीत. पण "पूर्वीपेक्षा वाईट नाहीत," असे त्या म्हणतात.

मागच्या बाकावरच्या मुलीला माझे उत्तर आता पुरे मिळाले असावे. समुद्रात घोरपड नसते. परंतु उंच पठारावर असो की खोल पाण्यात, जीव आपल्या अंगात जे साठवून ठेवतो ते स्वतःच्या आणि आपल्या पिल्लांच्या उद्याच्या दिवसासाठी. दुसऱ्याची ती शिदोरी सोडून घेण्यापूर्वी माणसाने आपल्याला तिची खरोखरच गरज आहे काय, एवढे तरी स्वतःस विचारावे.